घरच्या घरी प्रथमच क्लच बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे लिहिताना मारुती 800 आणि जुनी 796 सीसी इंजिनाची अल्टो या दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. 1983 च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 रस्त्यावर आली आणि 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी तालुक्याच्या गावीही तिचे सुटे भाग आज मिळतात. आडवे बसवलेले तीन सिलिंडरांचे इंजिन, ओढणारी पुढची चाके आणि केबलवर चालणारा क्लच अशी तिची साधी रचना असल्यामुळे हे काम शिकण्यासाठी यापेक्षा सोयीची गाडी सापडणे अवघड आहे. अशाच रचनेच्या इतर छोट्या गाड्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

हे काम नवशिक्याने अंगावर घ्यावे का?

ज्याने स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले आहेत, ऑईल काढून भरले आहे, आणि अडलेला बोल्ट जोर लावून तोडण्याऐवजी गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबण्याइतका ज्याच्याकडे धीर आहे, त्याने जरूर घ्यावे. मात्र कामाचे स्वरूप आधी ओळखले पाहिजे. क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची तबकडी) बदलणे म्हणजे प्रत्यक्षात गिअरबॉक्स उतरवणे आणि पुन्हा चढवणे होय. खुद्द प्लेटचे काम अर्ध्या तासात संपते आणि बाकीचे दोन दिवस तिच्यापर्यंत पोहोचण्यात व तेथून परत येण्यात जातात. सराव असलेला मिस्त्री हे काम एका दिवसात आटोपतो म्हणून आपणही शनिवारी सकाळी सुरुवात करून संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडू, असा हिशेब कोणी करू नये. सोमवारी कामावर जाण्याची दुसरी सोय आधी करून ठेवावी. एक मदतनीसही हवाच, निदान गिअरबॉक्स उतरवताना आणि चढवताना.

क्लच खरोखरच गेला आहे, हे कसे ओळखावे?

सर्वांत ठळक लक्षण असे की चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी नेणाऱ्यांना हे सपाट रस्त्यावर चालवणाऱ्यांच्या कितीतरी आधी जाणवते. सोबत जळका, उग्र वास येऊ लागला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

खात्री करून घेण्याची एक जुनी पद्धत आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढावा, पायाचा ब्रेकही दाबून ठेवावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल, तर इंजिन धडपडून बंद पडते. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालत राहिले, तर प्लेट सरकते आहे, म्हणजे पकड न घेता घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी उरलीसुरली प्लेट आणखी झिजते.

आवाजावरूनही पुष्कळ कळते. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, घ्यावा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना आवाज येऊन दाबल्यावर तो थांबत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये असतो, आणि नवी क्लच प्लेट टाकून तो आवाज जाणार नाही.

गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी केबल मात्र तपासावी. या गाड्यांत प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ (सुरुवातीला विनाजोर दबणारा भाग) कमी होतो. तो अजिबात उरला नाही, तर बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगदार भागाला) सतत टेकून राहते आणि धड असलेली प्लेटही सरकू लागते. उलट केबल सैल झाली किंवा तिचे धागे तुटत आले असतील, तर गिअर कुरकुरत पडतात. दहा मिनिटांच्या केबलच्या कामासाठी दोन दिवसांचा व्याप करणारे लोक आहेत.

काम कोठे करावे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालेल का?

या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि जीवाचा खरा धोका येथेच आहे. जागा सपाट आणि टणक हवी, म्हणजे काँक्रीटची. पेव्हर ब्लॉकची फरशी वरून भक्कम दिसते, परंतु खालची कच दबली की एकच ब्लॉक खचतो आणि त्यावरील घोडी (उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) तिरकी होते. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले. सुदैवाने मी तेव्हा पाने आणायला बाहेर आलो होतो आणि गाडी बाजूला काढून ठेवलेल्या चाकावर टेकून थांबली. तेव्हापासून प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवुडचा चौकोनी तुकडा ठेवल्याशिवाय आणि उतरवलेली दोन्ही चाके गाडीच्या कडेच्या पट्टीखाली आडवी सरकवल्याशिवाय मी खाली शिरत नाही. शहाबादी फरशी तर एका बिंदूवर वजन आले की सरळ तडकते. कच्च्या अंगणात, विशेषतः पावसाळ्यात, हे काम करूच नये.

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो आणि गाडी तोलून धरण्याचे काम घोड्यांचे असते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. घोड्यांवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. हलवल्याने पडणार असेल, तर ती आपण खाली नसतानाच पडलेली बरी.

कोणती हत्यारे लागतील?

गोटी पान्यांचा चांगला संच, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, टॉर्क रेंच, दोन जॅक, निदान दोन घोड्या, शाफ्ट उपसण्यासाठी मजबूत पहार, तेल धरण्यासाठी पसरट घमेले आणि प्लेट मध्यभागी बसवण्याचे साधन इतके पुरते. हे साधन प्लास्टिकचेही मिळते. अनेक मिस्त्री जुना इनपुट शाफ्ट जपून ठेवतात आणि तोच यासाठी वापरतात, ते सर्वांत अचूक. हलक्या प्रतीचे पाने मात्र घेऊ नयेत. बोल्टाचे डोके एकदा गोल झाले की वाचवलेल्या पैशांपेक्षा मनस्ताप मोठा होतो.

फक्त प्लेट बदलून भागणार नाही का?

भागू शकते, पण तसे करू नये. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकत्रच घ्यावेत. बेअरिंगची किंमत वाचवली आणि ते वर्षभरात ओरडू लागले, तर त्याच्यासाठी पुन्हा संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या, क्लच प्लेट जिच्यावर टेकते त्या जड चकतीच्या) मध्यभागी छोटे बेअरिंग असेल, तर तेही बोटाने फिरवून पाहावे आणि खरखर लागल्यास बदलावे. जुन्या प्लेटवर तेलाचे डाग आढळले, तर ते तेल इंजिनाच्या मागच्या मुख्य सीलमधून आले की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून, हे शोधून ते सील बदलल्याखेरीज नवी प्लेट बसवण्यात अर्थ नाही.

खरेदीला जाताना आर सी बुक बरोबर न्यावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. दुकानदाराच्या ‘हेच बसते’ या आश्वासनापेक्षा मोजमाप अधिक भरवशाचे असते. घरी आणल्यावर जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून व्यास आणि मधल्या खाचा पाहाव्यात. गिअरबॉक्स उतरल्यावर नवी प्लेट इनपुट शाफ्टवर नुसती सरकवून पाहावी. ती अडकता, डुलता किंवा तिरकी बसता कामा नये. चुकीची प्लेट या टप्प्यावर लक्षात आली, तर दुकानाची एक चक्कर पुरते.

गिअरबॉक्स उतरवण्याचा क्रम कोणता?

सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. स्टार्टरवर येणारी जाड तार चावी बंद असतानाही जिवंत असते. तिच्यावर पाना टेकला आणि त्याचे दुसरे टोक बॉडीला लागले, तर पाना तिथेच चिकटून लाल होतो.

पुढची चाके जमिनीवर असतानाच त्यांचे नट किंचित सैल करून मग गाडी उचलावी. गिअर ऑईल काढण्यापूर्वी ते भरण्याचा बोल्ट सुटतो का, हे अवश्य पाहावे, कारण खालून तेल काढून टाकले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर भरायला वाट उरत नाही. त्यानंतर क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची जोडणी, अर्थिंगची पट्टी, स्टार्टर आणि गिअर लिव्हरला जोडणारा रॉड एकामागून एक सोडवावेत. सोडवण्याआधी प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो घ्यावा. बोल्ट एकाच डब्यात टाकू नयेत. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची ढोबळ आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवावा, कारण घेराभोवतीच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कडेच्या, बोल्टांची लांबी सारखी नसते.

या गाड्यांत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) गिअरबॉक्समध्येच असल्यामुळे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावे लागतात. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट काढून आर्म खाली दाबला की चाकाचा भाग बाहेरच्या बाजूला ओढता येतो, आणि मग पहारीच्या हलक्या झटक्याने शाफ्टचे आतले टोक सुटते. पहार सीलवर टेकू नये. शाफ्ट नुसता हाताने खेचू नये, नाहीतर जॉइंट आतल्या आत सुटतो. सुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवण्याऐवजी तारेने वर बांधून ठेवावा, म्हणजे रबरी बूट फाटत नाही.

आता इंजिनाला आधार द्यावा. गिअरबॉक्सकडचा माउंट (बॉडीला जोडणारा रबरी आधार) सोडला की इंजिन त्या बाजूला झुकते, म्हणून ऑईल पॅनखाली रुंद लाकडी फळी ठेवून तिला जॅकचा टेकू द्यावा. फळीशिवाय जॅक लावल्यास पॅनला पोचा पडतो. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली असावा. घेराचे सगळे बोल्ट निघाल्यावरही गिअरबॉक्स दोन पिनांवर अडून राहतो. तो चहूबाजूंनी थोडाथोडा हलवत इंजिनापासून सरळ दूर आणावा. इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचे वजन शाफ्टवर लोंबू देऊ नये. सुटल्यावर तो मदतनिसासह जॅकवरच खाली घ्यावा. पाठीवर पडून छातीवर झेलण्याचे प्रकार गॅरेजमध्ये दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये.

आत साचलेली काळी भुकटी कशी साफ करावी?

फुंकून किंवा हवेच्या नळीने मुळीच नाही. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास बाहेर येत नाहीत. मास्क लावून ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. पेट्रोलने धुण्याची सवय आगीच्या दृष्टीने घातक आहे, विशेषतः बंदिस्त पार्किंगमध्ये.

फ्लायव्हील लेथवर घासून घ्यावे लागते का?

प्रत्येक वेळी नाही. पृष्ठभाग एकसारखा असून नुसता चकाकत असेल, तर पॉलिश पेपरने गोलाकार न घासता आडव्यातिडव्या हाताने ती चकाकी मोडावी आणि क्लीनरने पुसावे. निळसर ठिपके, केसासारख्या भेगांचे जाळे किंवा नखाला लागणाऱ्या चरी असतील, तर मात्र फ्लायव्हील उतरवून लेथवाल्याकडे न्यावे. भेगा खोल निघाल्यास ते बदलणेच योग्य. उतरवण्यापूर्वी क्रँकच्या संदर्भाने खूण करावी, आणि परत बसवताना बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. खरखरीत फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत सुटते आणि दोष प्लेटच्या माथी मारला जातो.

नवी प्लेट बसवताना सर्वाधिक चूक कोठे होते?

तीन ठिकाणी होते, आणि पहिली चूक म्हणजे प्लेट उलटी बसवणे. या रचनेत मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सच्या बाजूला येतो. पुष्कळ प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू कोणती हे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. प्लेट उलटी बसली, तर क्लच सुटत नाही आणि सारे पुन्हा उघडावे लागते.

दुसरी चूक मध्य साधण्याची आहे. प्रेशर प्लेटचे बोल्ट हाताने लावून, मध्य साधणारा दांडा आत ठेवूनच, समोरासमोरचे बोल्ट अर्धाअर्धा फेरा देत आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला, तर प्रेशर प्लेटचे कव्हर वाकते. उघडतानाही हाच नियम पाळायचा असतो. फ्लायव्हील फिरू नये म्हणून त्याच्या दातांत जाड स्क्रूड्रायव्हर अडकवावा. छोट्या गाड्यांच्या 8 मिमी बोल्टांना साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर इतका टॉर्क लागतो. तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडाच अंतिम मानावा. शेवटी दांडा बाहेर काढून पुन्हा घालून पाहावा, तो सहज गेला पाहिजे.

तिसरी चूक ग्रीसची. इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीसचा अगदी पातळ हात पुरेसा असतो आणि उरलेले फडक्याने पुसून घ्यायचे असते. उदार हाताने लावलेले ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जाते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी तेलाचा थर असतो, तोही बसवण्यापूर्वी क्लीनरने काढावा. प्लेटच्या घर्षणाच्या पृष्ठभागाला तेलकट बोटे लावू नयेत, तिला कडेनेच धरावे.

गिअरबॉक्स परत चढत नाही. शेवटचे बोटभर अंतर राहतेच. काय करावे?

या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक नवशिका रविवारी दुपारी येऊन थांबतो. येथे करू नये अशी एकच गोष्ट आहे आणि बहुतेक जण तीच करतात : लांब बोल्ट लावून, ते आवळत गिअरबॉक्स इंजिनाकडे खेचून घेणे. त्या जोराने गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचा कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) तुटतो किंवा प्लेटचा मधला भाग वाकतो.

अंतर राहण्याची कारणे मोजकी असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा कोन जुळत नसतो, म्हणून इंजिनाखालचा जॅक थोडा वरखाली करून घेरातील फट सगळीकडे सारखी दिसते का, हे पाहावे. शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांसमोर आलेल्या नसतात. त्यासाठी गिअर टाकून ठेवावा आणि डिफरन्शियलकडून शाफ्ट किंचित फिरवत हलकेच ढकलावे. घेरात एखादी तार किंवा केबल अडकलेली असते, अथवा रिलीज बेअरिंग त्याला ढकलणाऱ्या फोर्कवरून निसटलेले असते. एवढे पाहूनही जमले नाही, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवून प्लेटचा मध्य तपासावा. सर्व काही जुळल्यावर गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच ‘टक’ असा आवाज करून पिनांवर बसतो, आणि मगच बोल्टांना हात लावायचा. थकव्याने चिडचीड होऊ लागली, तर गिअरबॉक्स जॅकवर सुरक्षित टेकवून जेवून यावे. हा सल्ला गमतीने दिलेला नाही, कारण तुटलेले बहुतेक कान रिकाम्या पोटी केलेल्या घाईत तुटतात.

सगळे जोडल्यावर गाडी सुरू करण्याआधी काय पाहावे?

ड्राइव्ह शाफ्ट आत पूर्ण बसल्याची खात्री ओढून पाहून करावी. गिअर ऑईल मॅन्युअलमध्ये दिलेल्याच प्रतीचे, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत येईल इतके भरावे. हे तेल भरायचे राहिले, तर थोड्याच अंतरात गिअरबॉक्स निकामी होतो, म्हणून स्टिअरिंगवर ‘तेल नाही’ असा कागद चिकटवून ठेवण्याची सवय चांगली. काढलेले जुने तेल गटारात ओतू नये, एखाद्या गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्यावे. बॉल जॉइंटचा बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासावेत.

अर्थिंगची पट्टी हमखास विसरली जाते. ती न लावता स्टार्टर फिरवला, तर इंजिनाकडून परतणारा प्रचंड विद्युतप्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि नवी केबल धूर सोडू लागते.

केबल कशी लावावी?

नव्या प्लेटमुळे बेअरिंग आणि प्रेशर प्लेट यांतील अंतर बदललेले असते, त्यामुळे जुन्या जागी केबल बसवून चालत नाही. पेडल बोटाने दाबून पाहावे. सुरुवातीचा काही भाग विनाजोर गेला पाहिजे, आणि तो किती असावा हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. मग इंजिन चालू करून रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. तो आवाज न करता पडला, तर क्लच नीट सुटतो आहे.

गाडी चालते, पण थरथरते किंवा गिअर कुरकुरतात. पुन्हा उघडावे का?

लगेच उघडू नये. गिअर कुरकुरत असतील, तर आधी केबल थोडी आवळावी. तरीही क्लच सुटत नसेल, तर प्लेट उलटी बसल्याची किंवा वाकल्याची शंका घ्यावी. नवी प्लेट सरकत असेल, तर केबल अतिघट्ट आहे का ते पाहावे. थरथरीसाठी इंजिनाच्या माउंटचे बोल्ट तपासावेत. पहिल्या काही किलोमीटरांत येणारा सौम्य वास आणि किंचित थरथर प्लेट घासून बसेपर्यंत असते. पहिले 500 किलोमीटर गाडी भरून घाटात नेऊ नये, कोणाची गाडी ओढू नये आणि सिग्नलवर अर्धा क्लच धरून उभे राहू नये. शेवटची सवय तर पुढेही सोडलेली बरी, कारण जुनी प्लेट बहुधा तिनेच खाल्लेली असते.

कोणत्या गाडीचे काम घरी करू नये?

क्लच पेडल नसलेल्या एएमटी गाड्यांचे, कारण नवी प्लेट बसवल्यावर क्लचची जागा संगणकाला स्कॅनर लावून नव्याने शिकवावी लागते. मोठ्या डिझेल गाड्यांतील दुहेरी वजनाच्या फ्लायव्हीलचेही. ते महाग असते, लेथवर घासता येत नाही, आणि त्यातील झीज मोजल्याशिवाय ते पुन्हा वापरण्याचा निर्णय घेता येत नाही.